वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर, मृत्यू : ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, सध्याचे गुजरात राज्य) हे भारतीय उद्योगपती होते. आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही वाहनांची निर्मिती भारतीय भांडवलावर भारतात व्हावी यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी, विशाखापट्टणमची जहाजबांधणी गोदी आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या संस्थांच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. सोलापूर जिल्ह्यात रेल्वेच्या ठेकेदारीने सुरू झालेला त्यांचा उद्योग पुढे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर व नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथील साखर कारखान्यांपर्यंत विस्तारला.

तीन वाहनांपैकी जहाजाचा व विमानाचा कारखाना सरकारच्या ताब्यात गेला; मोटारीचा कारखाना मात्र त्यांच्या घराण्याकडे राहिला. या कारखान्यात क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या परवान्यावर जुळवलेल्या डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारी आणि पुढे निघालेली प्रीमियर पद्मिनी आज जुन्या मोटारींच्या संग्राहकांकडून जतन केल्या जातात.

बालपण व शिक्षण

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थायिक झाले. हे कुटुंब दिगंबर जैन होते. वालचंद यांचे वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचा व्यापार व सावकारी करीत. जैन समाजाच्या धार्मिक व शैक्षणिक कार्यातही ते अग्रेसर होते. वालचंद यांचे शालेय शिक्षण सोलापूर येथे झाले व १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनी मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतले. घरातील मंडळींची अपेक्षा त्यांनी वडिलोपार्जित पेढी सांभाळावी अशी होती. पेढीवर ते काही काळ बसलेही, परंतु व्याजबट्ट्याच्या व कापसाच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही.

बांधकाम व्यवसाय

रेल्वेतील नोकरी सोडून ठेकेदारीत पडलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी वालचंद यांनी भागीदारी केली आणि फाटक-वालचंद ही कंपनी स्थापन झाली. फाटकांपाशी कामाचा अनुभव होता, तर वालचंद यांच्यापाशी भांडवल उभे करण्याची क्षमता होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या टप्प्याचे काम हा त्यांचा पहिला मोठा ठेका होय. हा लोहमार्ग अरुंदमापी होता. या कामात मजुरांची जमवाजमव, खडी-मातीचा हिशेब आणि मुदतीचे बंधन यांचा जो अनुभव वालचंद यांना मिळाला, तो पुढील सर्व उद्योगांत उपयोगी पडला.

१९२० मध्ये टाटा समूहाबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचे काम सुरू झाले. हीच कंपनी पुढे प्रीमियर कन्स्ट्रक्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईस पाणी पुरवणारी तानसा जलवाहिनी ही वालचंद यांच्या बांधकाम कंपन्यांची गाजलेली कामे होत. तोपर्यंत अशी कामे प्रायः ब्रिटिश ठेकेदारांकडे जात असत.

सिंदिया कंपनी

पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या महाराजांच्या मालकीची लॉयल्टी ही आगबोट विक्रीस निघाली. १८९१ मध्ये बांधलेल्या या आगबोटीचे मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया असे होते व युद्धकाळात ती रुग्णनौका म्हणून वापरली गेली होती. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह ती विकत घेण्याचे ठरविले आणि २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हा दिवस स्वतंत्र भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आगबोट जुनी होती आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून नव्या कंपनीस जेरीस आणले. १९२३ मध्ये सिंदियास या कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला व तिच्या वाढीवर मर्यादा आल्या. वालचंद यांना हा करार मनापासून मान्य नव्हता. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी पुढे सातत्याने केली. १९२९ ते १९५० या काळात ते सिंदियाचे अध्यक्ष होते.

परदेशी कंपनी तोटा सोसून दर पाडू शकते आणि सरकार तटस्थ राहिले तर नवा देशी धंदा बुडतो, हा या काळातील अनुभव होता. मोटार कारखान्याच्या वेळी सरकारी संरक्षणाच्या प्रश्नावर वालचंद यांनी जी भूमिका घेतली, तिचे मूळ या अनुभवात आहे.

वालचंदनगर व रावळगाव

पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे वालचंद यांच्या समूहाने उसाची शेती व साखर कारखाना उभारला. तेथे वसलेली वसाहत वालचंदनगर या नावाने प्रसिद्ध झाली. साखर कारखान्याची यंत्रे दुरुस्त करण्यासाठी काढलेल्या कार्यशाळेतून पुढे तेथे जड यंत्रसामग्रीचा उद्योग वाढला.

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे त्यांनी सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन खडकाळ व ओबडधोबड होती. ती सपाट करून, पाण्याची सोय करून उसाखाली आणण्यास काही वर्षे लागली. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी सुरू झाली. १९४२ पासून या कंपनीने गोळ्या व टॉफ्या तयार करण्यास प्रारंभ केला. पान पसंद, मँगो मूड इत्यादी गोळ्यांमुळे रावळगाव हे नाव महाराष्ट्राबाहेरही घरोघरी पोहोचले. या गोळ्यांची व्यापारी नावे २०२४ मध्ये रिलायन्स समूहाने विकत घेतली.

रावळगावच्या उभारणीस सरकारी धोरणाची पार्श्वभूमी होती. १९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला व आयात साखरेवर जबर जकात बसली. त्या वेळी देशात आधुनिक पद्धतीचे सुमारे ३० साखर कारखाने होते. चार-पाच वर्षांत ही संख्या १३० च्या वर गेली. साखरेच्या बाबतीत सरकारने जे संरक्षण दिले, ते मोटारीच्या बाबतीत मात्र ब्रिटिश राजवटीत मिळाले नाही. या दोन उद्योगांच्या वाटचालीतील अंतर मुख्यतः याच कारणाने पडले.

विमान कारखाना

१९३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी गाठ पडली. पॉली यांना चीनमध्ये विमाने जुळविण्याचा कारखाना चालविण्याचा अनुभव होता. या ओळखीतून भारतात विमान कारखाना काढण्याची योजना पुढे आली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा व भांडवल देण्याची तयारी दर्शविली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४१ मध्ये हार्लो जातीचे शिकाऊ वैमानिकांचे विमान या कारखान्यातून बाहेर पडले. जपान युद्धात उतरल्यानंतर कारखान्याचे लष्करी महत्त्व वाढले. १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने वालचंद यांच्या समूहाचे भाग विकत घेतले व त्यांचा या उद्योगाशी असलेला संबंध संपला.

१९६४ मध्ये या कंपनीचे एरोनॉटिक्स इंडिया या कंपनीशी एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. मिग विमानांच्या निर्मितीसाठी नाशिकजवळ ओझर येथे उभारलेला कारखाना याच कंपनीचा होय. वालचंद यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी हे घडले. त्यामुळे ओझरच्या कारखान्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नसला, तरी त्याच्या मातृसंस्थेचे ते एक संस्थापक ठरतात.

मोटारनिर्मिती

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत भारतात धावणाऱ्या मोटारी पूर्णपणे आयात होत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्ड कंपनीनेही भारतात जुळणी सुरू केली. सुटे भाग खोक्यांत भरून आगबोटीने आणावयाचे, येथे ते जोडावयाचे व मोटार विकावयाची, अशी ही पद्धत होती. इंजिन, चासी व गियर यांपैकी काहीही देशात तयार होत नसे. या पद्धतीने मजुरांना काम मिळत असले, तरी यंत्रविद्या देशात येत नाही, असे भारतीय उद्योजकांचे म्हणणे होते.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास युरोप व अमेरिका येथील मोटार कारखाने पाहून भारतात मोटार कारखाना काढण्याची सविस्तर योजना तयार केली. वालचंद यांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात सत्तेवर आलेले बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ योजनेस अनुकूल होते. परंतु १९३९ च्या अखेरीस या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. म्हैसूर संस्थानही मदतीस तयार होते, तथापि हिंदुस्थान सरकारची संमती मिळाली नाही.

क्रायस्लरशी करार

मोटारीची यंत्रविद्या परदेशी कंपनीकडूनच घ्यावी लागणार, हे उघड होते. फोर्ड व जनरल मोटर्स यांच्याशी झालेली बोलणी फलद्रूप झाली नाहीत. दोन्ही कंपन्यांचा भारतात स्वतःचा धंदा चालू होता आणि भारतीय मालकीच्या कारखान्यास हातभार लावण्यात त्यांचा लाभ नव्हता. अमेरिकेतील तिसरी मोठी कंपनी क्रायस्लर ही मात्र सहकार्यास तयार झाली व १९४० मध्ये तिच्याशी करार झाला. क्रायस्लर कंपनीची स्थापना १९२५ मधील. १९२८ मध्ये तिने डॉज बंधूंची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी प्लिमथ व डिसोटो ही नवी नावे बाजारात आणली. हीच तीन नावे पुढे मुंबईत जुळवलेल्या मोटारींवर झळकली.

करार झाला तरी कारखाना उभा राहिला नाही. युद्ध सुरू झाले होते. यंत्रे आणण्यासाठी डॉलर व आगबोटींत जागा या दोन्हींसाठी सरकारी परवानगी आवश्यक होती. मोटार कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही, अशी सरकारची भूमिका राहिली. लष्करास त्या काळात हजारो मालमोटारी लागत होत्या आणि त्यांचे सुटे भाग परदेशातून येतच होते. हाच माल येथे तयार करू द्यावा, हा वालचंद यांचा युक्तिवाद मान्य झाला नाही. भारतीयांच्या हाती हा उद्योग जाऊ नये अशीच सरकारची इच्छा असल्याचे राष्ट्रीय वृत्तीच्या उद्योजकांचे मत होते. युद्धकाळातील टंचाईमुळे असे निर्णय घ्यावे लागले, अशी बाजू सरकारतर्फे मांडली जाई.

कुर्ला येथील कारखाना

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीची मुंबईत स्थापना झाली. तत्पूर्वी १९४२ मध्ये बिर्ला समूहाने हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी स्थापन केली होती. युद्ध संपल्यानंतर प्रीमियरचा कारखाना कुर्ला येथे उभा राहिला आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्यप्राप्तीच्या वर्षी, तेथून वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लिमथ व डिसोटो या मोटारींबरोबर डॉज व फार्गो या नावांच्या मालमोटारीही तेथे तयार होत.

वालचंद यांनी ज्या जुळणीच्या पद्धतीवर टीका केली होती, त्याच पद्धतीने कुर्ल्याच्या कारखान्याचा प्रारंभ झाला. आरंभीचे बहुतेक भाग अमेरिकेहून येत. फरक उद्दिष्टाचा होता. एकेक भाग क्रमाक्रमाने येथे तयार करीत जाण्याची योजना कराराच्या वेळीच ठरलेली होती. परंतु खप मर्यादित, मोटारी किमतीने भारी आणि आयात मोटारींशी स्पर्धा चालू, अशा स्थितीत ही वाटचाल संथ राहिली.

१९५१ मध्ये प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीच्या फियाट ५०० या छोट्या मोटारीची जुळणी हाती घेतली व १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. पेट्रोलचा खर्च आणि मध्यमवर्गाची ऐपत पाहता मोठ्या अमेरिकी मोटारीपेक्षा छोटी युरोपीय मोटारच भारतात खपेल, हे तोवर स्पष्ट झाले होते.

१९५३ चे धोरण

जकात आयोगाने १९५३ मध्ये मोटार उद्योगाविषयी अहवाल दिला. ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने संपूर्ण मोटार भारतात तयार करण्याचा कार्यक्रम स्वीकारतील, त्यांनाच व्यवसायाची मुभा द्यावी, असे धोरण त्यातून आले. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी पुढील वर्षी भारतातील काम आवरते घेतले. वालचंद ज्या संरक्षणासाठी पंधरा वर्षे झगडले, ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी प्रत्यक्षात आले.

सार्वजनिक जीवन

भारतीय व्यापारी व कारखानदार यांनी संघटित व्हावे, यासाठी वालचंद यांनी पुढाकार घेतला. १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९३२-३३ मध्ये ते भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते. राष्ट्रीय चळवळीविषयी त्यांना सहानुभूती होती. तथापि सरकारशी वाटाघाटी, युद्धकाळातील ठेके आणि स्वदेशीचा पुरस्कार या गोष्टी त्यांनी एकाच वेळी चालविल्या. यावर समकालीनांत मतभेद होते.

विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जलावतरण झाले. १९५२ मध्ये या गोदीचे बहुसंख्य भाग सरकारने घेतले.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते सर्व उद्योगांतून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंनी आणि त्यांच्या पुढील पिढीने उद्योग सांभाळले.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पुढील वाटचाल

फियाट ११०० च्या सुधारित आवृत्त्या कुर्ल्यात तयार होत राहिल्या. परवान्याचा करार संपल्यावर मोटारीचे नाव प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी असे झाले. १,०८९ घनसेंमी क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गियर आणि साधी, कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी रचना ही तिची वैशिष्ट्ये होत. स्पर्धेच्या अभावी मूळ आराखडा जवळजवळ तसाच राहिला आणि मोटारीसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. संरक्षणाने उद्योग जगला, परंतु त्याच संरक्षणामुळे तो सुस्तावला, अशी टीका या काळावर केली जाते.

१९८३ मध्ये मारुती ८०० आल्यानंतर पद्मिनीचा खप घटत गेला. १९९०च्या दशकात कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या भागीदारीकडे गेला व शतकाच्या अखेरीस पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत पद्मिनी दीर्घकाळ टिकली. टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ला परिसरातील प्रीमियर रोड हे नाव या कारखान्याची खूण म्हणून उरले आहे.

संग्राहकांमधील स्थान

अमेरिकी मोटारींच्या संग्रहात जगभर सर्वाधिक मागणी असलेल्या प्रकारांत मसल कार हा एक प्रकार आहे. मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत आठ सिलिंडरचे मोठे इंजिन बसवून तयार केलेल्या वेगवान मोटारींना हे नाव मिळाले. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या प्रकारातील पहिली मोटार सामान्यतः मानली जाते. क्रायस्लरच्या डॉज चार्जर, प्लिमथ रोड रनर व डॉज चॅलेंजर या त्यांतील गाजलेल्या मोटारी. त्यांच्यात बसविले जाणारे सात लिटरचे हेमी इंजिन ४२५ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. या मोटारी निघाल्या तेव्हा भारतात आयातीवर कडक निर्बंध होते आणि कुर्ल्यातील क्रायस्लर मोटारींचे पर्व संपले होते. त्यामुळे डॉज व प्लिमथ या नावांची भारतीय ओळख त्यांच्या आधीच्या पिढीशी, म्हणजे १९४७ ते १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या मोटारींशी, जोडलेली आहे.

डॉज किंग्जवे, प्लिमथ सेव्हॉय व डिसोटो डिप्लोमॅट या त्या काळातील मोटारी मुळात एकाच सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. समोरची जाळी, बोनेटवरील चिन्ह व नाव यांत फरक असे. सहा सिलिंडर एका ओळीत व झडपा सिलिंडरच्या बाजूस असलेले, सुमारे ३.६ लिटरचे इंजिन त्यांत असे. ते वेगवान नव्हते. परंतु कमी वेगातही भरपूर जोर देणारे व दीर्घकाळ टिकणारे होते.

संग्राहकांना या मोटारींचे आकर्षण वाटण्यास अनेक कारणे आहेत. मोटार अमेरिकी आराखड्याची, पण स्टिअरिंग उजवीकडे व जुळणी मुंबईची, असा हा प्रकार अमेरिकेतील संग्राहकांसही अपरिचित असतो. तिन्ही मोटारींचे अनेक भाग एकमेकींस बसत असल्याने एक गाडी उभी करण्यासाठी दुसरीचा आधार घेता येतो. डिसोटो हे नाव क्रायस्लरने १९६० मध्ये व प्लिमथ २००१ मध्ये बंद केले. त्यामुळे या नावांच्या शिल्लक मोटारींना ऐतिहासिक मोल आले आहे. अडचणीही आहेत. टॅक्सी म्हणून वापरल्या गेलेल्या अनेक मोटारींतील मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले गेले, क्रोमचे भाग व चिन्हे हरवली आणि कित्येक गाड्या भंगारात गेल्या. म्हणून मूळ इंजिन, चासीवरील क्रमांक आणि नोंदणीची कागदपत्रे परस्परांशी जुळणारी मोटार संग्राहक अधिक मोलाची मानतात. पद्मिनीच्या बाबतीत कौटुंबिक आठवणी हे आणखी एक कारण आहे. अनेक घरांतील ती पहिली मोटार होती.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ रचनेत बदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हीए ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी वाहने नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालविता येत नाहीत. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती यांसारख्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. कुर्ल्यात तयार झालेल्या सर्व क्रायस्लर मोटारी वयाच्या अटीत बसतात; मूळ इंजिन गमावलेल्या मोटारींना मात्र हा मार्ग अवघड जातो.

मूल्यमापन

वालचंद यांच्या कार्याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार, परकीय सत्तेच्या विरोधात जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारे ते द्रष्टे उद्योजक होते. दुसऱ्या मतानुसार, त्यांच्या योजना परदेशी यंत्रविद्येवर व सरकारी आश्रयावर अवलंबून होत्या आणि हाती घेतलेले अनेक उद्योग त्यांना अखेरपर्यंत सांभाळता आले नाहीत. दोन्ही मतांना आधार आहे. कुर्ल्याच्या कारखान्याने अमेरिकी मोटार जुळविण्यापासून प्रारंभ केला, तरी तेथे व त्यास माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांत घडलेले कारागीर ही त्या प्रयत्नांची टिकाऊ फलश्रुती ठरली. आज जुन्या डॉज व प्लिमथ मोटारींचे न मिळणारे भाग हाताने घडविणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कार्यशाळा याच कौशल्यपरंपरेतील आहेत.

स्मृती

सांगली येथे १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे वालचंद यांचे नाव देण्यात आले. सोलापूर येथेही त्यांच्या नावाने महाविद्यालये आहेत. मुंबईत फोर्ट भागातील एका रस्त्यास वालचंद हिराचंद मार्ग असे नाव आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. गं. दे. खानोलकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे.